मायएसक्यूएल ५.७ वरून ८.० वर जाताना: काम अडलं की कुठे बघायचं

पतसंस्थेचं किंवा शाळेचं सॉफ्टवेअर विंडोजच्या एका कोपऱ्यातल्या मशीनवर, मायएसक्यूएल ५.७ या डेटाबेस सर्व्हरवर, वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललेलं असतं. मग कुणीतरी आठवण करून देतं की ५.७ चा सपोर्ट ऑक्टोबर २०२३ मध्येच संपला, आता सगळं लिनक्सवर आणि ८.० वर न्या. ८.० ची मुदतही एप्रिल २०२६ पर्यंतचीच, म्हणजे पुढे ८.४ वर जायचंच आहे. पण ५.७ वरून थेट ८.४ वर जायचा रस्ता नाही, मधे ८.० चा थांबा घ्यावाच लागतो. "डंप (सगळ्या डेटाची टेक्स्ट फाइल) काढायचा, लोड करायचा, त्यात काय एवढं" असं म्हणून हे काम टीममधल्या सगळ्यात नव्या माणसाच्या गळ्यात पडतं. हा लेख त्या माणसासाठी.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. मायग्रेशनमध्ये, म्हणजे डेटा जुन्या सर्व्हरवरून नव्यावर नेताना, "सर्व्हर बिघडला" अशी जी ओरड होते, तेव्हा बहुतेक वेळा सर्व्हर ठणठणीत असतो. जुना सर्व्हर जे खपवून घेत होता ते नवा खपवून घेत नाही, एवढंच झालेलं असतं. त्यामुळे एरर आला की सेटिंग बदलत सुटायच्या आधी विचारायचं: जुन्याकडे हे कसं चालत होतं?

(कमांड आणि सेटिंगची नावं इथे देवनागरीत आहेत. टर्मिनलवर अर्थातच इंग्रजीत टाइप करायची, आणि सेटिंगच्या नावात शब्दांच्या मधे अंडरस्कोर.)

आधी जुन्या सर्व्हरची कुंडली

जुन्या सर्व्हरवर 'शो व्हेरिएबल्स' चालवा आणि आउटपुट टेक्स्ट फाइलमध्ये ठेवून द्या. त्यातल्या सहा गोष्टी नंतर हमखास लागतात: व्हर्जन, 'एसक्यूएल मोड', कॅरेक्टर सेट, 'लोअर केस टेबल नेम्स', टाइम झोन आणि 'मॅक्स अलाऊड पॅकेट'. सोबत डेटा फोल्डरचा साइज, युजरची यादी आणि प्रत्येकाचे 'शो ग्रँट्स'. हे काम कंटाळवाणं आहे म्हणून लोक टाळतात आणि मग रात्री अकरा वाजता जुनं मशीन परत चालू करायला कुणाला तरी ऑफिसात पाठवावं लागतं.

मायएसक्यूएल शेलमध्ये 'चेक फॉर सर्व्हर अपग्रेड' नावाची सोय आहे. ती जुन्या सर्व्हरला लावली की ८.० मध्ये काय अडेल याची यादी मिळते. नक्की चालवा. यादी लांबलचक येते, पण घाबरू नका, तिच्यात एरर आणि वॉर्निंग वेगवेगळ्या दाखवलेल्या असतात. एरर आधी निस्तरा.

नवा सर्व्हर सुरूच होत नाही

याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे जुनी कॉन्फिग फाइल जशीच्या तशी उचलून नव्या मशीनवर टाकलेली असते. ८.० मधून क्वेरी कॅशे (क्वेरीचे निकाल साठवून ठेवायची सोय) पूर्ण काढून टाकला आहे. जुन्या फाइलमध्ये 'क्वेरी कॅशे साइज' अशी एक ओळ जरी राहिली असली तरी सर्व्हर 'अननोन व्हेरिएबल' म्हणून उठायलाच नकार देतो. 'एसक्यूएल मोड'मधलं 'नो ऑटो क्रिएट युजर' हेही तसंच. म्हणून कॉन्फिग कॉपी करू नका. कोऱ्या फाइलने सुरुवात करा आणि लागेल ती ओळ एकेक करून आणा.

सर्व्हर पडला की 'सिस्टिमसीटीएल स्टेटस' फार काही सांगत नाही. खरं कारण एरर लॉगमध्ये असतं. उबंटूवर तो व्हार, त्यात लॉग, त्यात मायएसक्यूएल या फोल्डरमध्ये सापडतो. रेड हॅटच्या घराण्यात बहुधा व्हार-लॉगमध्येच 'मायएसक्यूएलडी डॉट लॉग' या नावाने. नवी माणसं शेवटची ओळ वाचतात. शेवटी फक्त 'अबॉर्टिंग' किंवा 'शटडाउन कम्प्लीट' असतं. वर सरकत जा आणि त्या स्टार्टमधली पहिली 'एरर'ची ओळ शोधा. खालच्या बाकीच्या एरर तिचीच पिलावळ असते.

लॉगमध्ये काहीच नसेल, मधेच तुटल्यासारखा दिसत असेल, तर 'डीमेसेज' बघा. तिथे 'आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस' असं दिसलं की समजायचं, लिनक्सनेच सर्व्हरला मारलं. चार जीबीच्या क्लाउड मशीनवर जुन्या सोळा जीबीच्या मशीनचा बफर पूल (सर्व्हर डेटासाठी राखून ठेवतो ती मेमरी) लावला की असंच होणार.

डेटा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर हलवला आणि 'परमिशन डिनाइड, एररनंबर १३' आला, तर मालकी आणि परवानग्या बरोबर असूनही अडलेलं असू शकतं. उबंटूवर ॲपआर्मर आणि रेड हॅटवर एसईलिनक्स या सुरक्षा यंत्रणा नव्या जागेला हात लावू देत नाहीत. त्यांना नवी जागा सांगावी लागते. ते बंद करून टाकण्याचा सल्ला नेटवर खूप मिळतो. तो घेऊ नका.

एक निर्णय मात्र इथेच घ्यायचा आहे. विंडोजवर टेबलांची नावं लहान लिपीत साठवली जातात आणि कॅपिटल-स्मॉलचा फरक धरला जात नाही. लिनक्सवर धरला जातो. डंपमध्ये 'मेंबर्स' स्मॉल एमने येतो, ॲप्लिकेशन कॅपिटल एमने विचारतं आणि मग एरर ११४६: टेबल अस्तित्वात नाही. यावर 'लोअर केस टेबल नेम्स' १ करणं हा उपाय आहे, पण ८.० मध्ये हे सेटिंग फक्त डेटा फोल्डर पहिल्यांदा तयार होताना देता येतं. नंतर बदललं तर सर्व्हर सुरू होत नाही. उबंटूवर पॅकेज इन्स्टॉल होतानाच तो फोल्डर तयार करून टाकतं, म्हणजे लोड करण्याआधी तो रिकामा करून नव्याने तयार करणं आलं. डेटा भरल्यावर हे लक्षात आलं तर सगळं पहिल्यापासून.

सर्व्हर चालू आहे, पण जोडणी होत नाही

नंबर बघितला की निम्मं काम होतं.

२००२ म्हणजे त्याच मशीनवरच्या सॉकेट फाइलपर्यंत पोचता आलं नाही. सर्व्हर बंद तरी आहे किंवा सॉकेट दुसरीकडे आहे. 'लोकलहोस्ट' लिहिलं की क्लायंट सॉकेटने जातो, १२७.०.०.१ लिहिलं की पोर्टने. एकाने जमत नसेल तर दुसऱ्याने करून बघा.

२००३ म्हणजे बाहेरून ३३०६ पोर्टपर्यंत पोचता आलं नाही. इथे 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आणि 'टाइम्ड आउट' यांतला फरक महत्त्वाचा. लगेच नकार आला तर मशीनपर्यंत पोचलात, पण त्या पत्त्यावर कुणी ऐकत नाहीये. उबंटूवर 'बाइंड ॲड्रेस' मुळातच १२७.०.०.१ असतो. बराच वेळ लटकून मग टाइम आउट झालं तर वाटेत फायरवॉल किंवा क्लाउडचा सिक्युरिटी ग्रुप आहे. पहिल्यात फायरवॉल तपासण्यात आणि दुसऱ्यात कॉन्फिग तपासण्यात लोक अख्खी दुपार घालवतात.

११३० आणि १०४५ ही चांगली बातमी: सर्व्हरपर्यंत पोचलात. पहिल्याचा अर्थ तुमच्या आयपीवरून यायची कुणालाच परवानगी नाही, दुसऱ्याचा अर्थ युजर, होस्ट आणि पासवर्ड ही तिकडी जुळली नाही. मायएसक्यूएलमध्ये एकाच नावाचे दोन युजर दोन होस्टसाठी वेगळे असतात हे विसरलं जातं.

ॲप्लिकेशनच जुनं असेल तर वेगळीच तक्रार येते: ऑथेंटिकेशनची पद्धत क्लायंटला माहीत नाही. ८.० मध्ये नव्या युजरसाठी मूळ पद्धत 'कॅशिंग शा२ पासवर्ड' आहे आणि पीएचपी ७.४ च्या आधीच्यांना ती झेपत नाही. ड्रायव्हर अपडेट करणं हाच खरा इलाज. आज रात्रीच चालू करायचं असेल तर त्या एकाच युजरला 'नेटिव्ह पासवर्ड'वर ठेवा, पण ते ८.४ मध्ये मुळातच बंद असतं हे वहीत लिहून ठेवा.

डंप काढताना

विंडोजच्या पॉवरशेलमध्ये 'मायएसक्यूएलडंप' चालवून 'मोठं' (>) चिन्ह लावून फाइल केली, तर ती यूटीएफ-१६ मध्ये बनते आणि लोड होत नाही. 'रिझल्ट फाइल' हा पर्याय वापरा, पॉवरशेलला मधे घेऊच नका.

'सिंगल ट्रान्झॅक्शन' लावा, म्हणजे काम चालू असतानाही इनोडीबीच्या (मायएसक्यूएलच्या नेहमीच्या स्टोरेज पद्धतीतल्या) टेबलांचं एका क्षणाचं चित्र मिळतं. जुन्या डेटाबेसमध्ये मायआयसॅमची (जुन्या स्टोरेज पद्धतीतली) टेबलं असतील तर त्यांना हा पर्याय लागू होत नाही. 'रूटीन्स' आणि 'इव्हेंट्स' हे पर्याय वेगळे द्यावे लागतात; ट्रिगर आपोआप येतात, प्रोसीजर नाही. फक्त ॲप्लिकेशनचे डेटाबेस घ्या. 'मायएसक्यूएल' नावाचा सिस्टिम डेटाबेस एका व्हर्जनमधून दुसऱ्यात टाकायचा नसतो, युजर नव्याने तयार करा.

डंप झाला की फाइलची शेवटची ओळ वाचा. 'डंप कम्प्लीटेड ऑन' आणि तारीख हवी. ती नसेल तर फाइल कितीही जीबीची असो, अर्धवट आहे.

लोड करताना

पीएचपीमायॲडमिनमधून मोठा डंप टाकू नका. पीएचपीची अपलोडची मूळ मर्यादा २ एमबी आहे, आणि ती वाढवली तरी ब्राउझरच्या भरवशावर रात्रभर चालणारं काम सोडू नये. सर्व्हरवर 'स्क्रीन' किंवा 'टीमक्स' उघडून त्यात लोड चालवा, म्हणजे वायफाय गेलं तरी लोड चालू राहील.

'सर्व्हर हॅज गॉन अवे', म्हणजे २००६, हा एरर नावापेक्षा बराच सौम्य आहे. सर्व्हर गेलेला नसतो. त्याने तुमची जोडणी तोडलेली असते. लोड करताना हा आला तर बहुतेक वेळा एखादी इन्सर्टची ओळ 'मॅक्स अलाऊड पॅकेट'पेक्षा मोठी आहे, सहसा फोटो किंवा पीडीएफ ठेवलेलं टेबल. ८.० च्या सर्व्हरवर मर्यादा ६४ एमबी असते, पण 'मायएसक्यूएल' क्लायंटची स्वतःची १६ एमबीच. दोन्हीकडे वाढवावी लागते. तरीही तोच एरर आला, तर लॉग उघडा: कदाचित सर्व्हर खरंच पडून परत उठला असेल, आणि मग मेमरीचा वरचा मुद्दा.

डिस्क भरणं हा ८.० चा खास नमुना. ५.७ मध्ये बायनरी लॉग (डेटातल्या प्रत्येक बदलाची नोंद) मुळात बंद असायचा, ८.० मध्ये चालू असतो आणि ३० दिवस ठेवला जातो. म्हणजे तुम्ही ४० जीबी लोड करता तेव्हा बायनरी लॉगही साधारण त्याच मापाने फुगतो. डंपची फाइल, डेटा आणि लॉग एकाच डिस्कवर असतील तर 'टेबल इज फुल' किंवा 'एररनंबर २८' ठरलेला. टेबल भरलेलं नसतं, डिस्क भरलेली असते. लोडच्या सेशनपुरतं 'एसक्यूएल लॉग बिन' ० केलं की भागतं. मात्र या सर्व्हरला रेप्लिका (त्याची चालती नक्कल ठेवणारा दुसरा सर्व्हर) जोडलेली असेल तर हे करू नका. आणि डिस्क भरली म्हणून बायनरी लॉगच्या फाइली हाताने 'आरएम' करू नका, त्यासाठी 'पर्ज बायनरी लॉग्स' आहे.

१२३१ आला आणि त्यात 'नो ऑटो क्रिएट युजर' दिसलं, तर डंपमधल्या प्रोसीजर आणि ट्रिगरच्या आधी जुना मोड लिहिलेला आहे. 'सेड'ने तो शब्द काढून टाका, पण मूळ फाइलवर नाही, कॉपीवर.

१४४९ म्हणजे व्ह्यू किंवा प्रोसीजर ज्या युजरच्या नावावर आहे तो इथे नाही. बहुतेकदा आधीच्या व्हेंडरच्या डेव्हलपरचं नाव निघतं. तो युजर परत बनवू नका, 'डिफायनर' बदला.

आता सगळ्यात फसवा भाग: लोड एकही एरर न देता पूर्ण होतो. डंपच्या सुरुवातीला मायएसक्यूएलडंप स्वतःच 'एसक्यूएल मोड' सैल करतो आणि 'फॉरेन की चेक्स' ० करतो. त्यामुळे '०००० सालचा ०० महिना, ०० तारीख' असल्या जन्मतारखा आणि नसलेल्या सभासदाच्या नावावरची कर्जं सगळं आत येतं. चेक परत चालू केले तरी आधीच आलेल्या ओळी तपासल्या जात नाहीत. दोन आठवड्यांनी कुणी त्या टेबलमध्ये कॉलम वाढवायला जातं आणि १२९२ येतो. म्हणून शून्य तारखा आणि अनाथ ओळी शोधणाऱ्या क्वेरी लोडनंतर लगेच, हाताने चालवा.

तसंच आरक्षित शब्दांचं. 'रँक', 'ग्रुप्स', 'सिस्टिम' हे ८.० मध्ये आरक्षित झाले. डंप कॉलमच्या नावांना बॅकटिक लावतो म्हणून टेबल सुखरूप येतं. ॲप्लिकेशनमधली क्वेरी बॅकटिक लावत नाही, आणि निकालपत्रकाच्या स्क्रीनवर १०६४ दिसतो.

मराठी मजकूर

इथे थोडं थांबू, कारण बाहेरच्या गाइडमध्ये हे सापडत नाही.

देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं. मायएसक्यूएलचं जुनं 'यूटीएफ८' ३ बाइटपर्यंतच जातं, म्हणजे मराठी त्यात व्यवस्थित बसते. ४ बाइटचे इमोजी बसत नाहीत. ८.० चं मूळ सेटिंग 'यूटीएफ८एमबी४' आहे आणि तेच ठेवा. मराठीची खरी अडचण वेगळीच: जुनं टेबल 'लॅटिन१' म्हणून जाहीर केलेलं आणि आत यूटीएफ-८ चे बाइट कोंबलेले. ॲप्लिकेशनही लॅटिन१ म्हणूनच वाचायचं, त्यामुळे स्क्रीनवर मराठी नीट दिसायची. डंप मात्र ते लॅटिन अक्षरं समजून पुन्हा एकदा यूटीएफ-८ मध्ये बदलतो, आणि नव्या सर्व्हरवर टोपीवाल्या 'ए'ची रांग दिसते.

ओळखायची सोपी खूण: एखादं ओळखीचं आडनाव घ्या, समजा 'मोरे'. म, ओकार, र, एकार अशी चार चिन्हं. नव्या सर्व्हरवर 'कॅर लेंग्थ' ४ आणि 'लेंग्थ' १२ आली तर सगळं ठीक. 'हेक्स' काढलं तर सुरुवात 'ई०ए४एई' अशी हवी. 'कॅर लेंग्थ' १२ आली आणि हेक्स 'सी३ए०' ने सुरू झालं, तर दुहेरी एन्कोडिंग झालंय. नव्या सर्व्हरवर दुरुस्तीचे प्रयोग करण्यापेक्षा जुन्याच्या कॉपीवर तो कॉलम आधी बायनरी प्रकारात आणि मग 'यूटीएफ८एमबी४' मध्ये बदला, नंतर परत डंप काढा. थेट लॅटिन१ वरून बदलू नका, नाहीतर तीच गडबड तुमच्याच हातून होईल.

नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील तर हेक्स बघा. '३एफ' असेल तर मजकूर गेला, नव्या सर्व्हरवरून तो परत येणार नाही. जुन्याकडे जा.

आणि काही संस्थांमध्ये २००० च्या आसपासचा डेटा श्रीलिपीसारख्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये भरलेला असतो. तो कुठल्याही सर्व्हरवर इंग्रजी अक्षरांचा गोंधळच दिसणार, कारण मुळात ती इंग्रजी अक्षरांचीच जागा आहे. हा मायग्रेशनचा बिघाड नाही. त्याचं रूपांतर हे वेगळं काम आहे, वेगळ्या दिवशी करा.

कोलेशनने (मजकुराची तुलना आणि क्रम ठरवणाऱ्या नियमांनी) होणारा बदल लहान, पण चावरा आहे. ८.० च्या '०९००' घराण्यातलं कोलेशन शब्दाच्या शेवटची मोकळी जागा मोजतं. जुनी कोलेशन मोजत नव्हती. 'पाटील' आणि पुढे स्पेस असलेला 'पाटील' आता दोन वेगळे. उलट 'ऱ' आणि 'र' हे तुमच्या कोलेशनला सारखे वाटतात का, हे सर्व्हरलाच विचारून बघा. एक 'सिलेक्ट' पुरतो.

जुळलं का, हे कसं बघायचं

'इन्फर्मेशन स्कीमा'मधली 'टेबल रोज' ही संख्या इनोडीबीसाठी अंदाज असते आणि तो ४०-५० टक्क्यांनीही चुकू शकतो. दोन सर्व्हरवर ती वेगळी दिसली म्हणून घाम फोडू नका, आणि सारखी दिसली म्हणून खूशही होऊ नका. 'काउंट स्टार' घ्या. सोबत पैशाच्या कॉलमची बेरीज, सगळ्यात मोठा आयडी आणि सगळ्यात जुनी-नवी तारीख. 'चेकसम टेबल' वेगवेगळ्या व्हर्जनमध्ये डेटा सारखा असूनही वेगळा येऊ शकतो.

तारखा बघताना साडेपाच तासांकडे लक्ष ठेवा. क्लाउडची मशीन बहुधा यूटीसीवर असतात. 'टाइमस्टॅम्प' कॉलम सर्व्हर सेशनच्या टाइम झोननुसार फिरवतो, 'डेटटाइम' फिरवत नाही. त्यामुळे एकाच पावतीवर दोन वेळा दिसल्या तर डेटा बिघडलेला नाही, टाइम झोन लावायचा राहिलाय. सकाळी साडेपाचच्या आतल्या नोंदी आदल्या दिवशीच्या रिपोर्टमध्ये जातात, तो घोळ कॅशियरच्या आधी तुम्ही पकडा.

सगळं हळू चाललंय? बफर पूल मूळच्या १२८ एमबीवरच राहिला असेल. फक्त डेटाबेससाठी असलेल्या मशीनवर तो बराच वाढवता येतो. मग 'ॲनालाइझ टेबल'. 'टू मेनी कनेक्शन्स' आलं तर १५१ ची मर्यादा वाढवायच्या आधी 'शो प्रोसेसलिस्ट' बघा. सगळी 'स्लीप'मध्ये पडलेली असतील तर दोष ॲप्लिकेशनचा आहे.

प्रत्यक्ष बदलाच्या दिवशी

आतापर्यंतचं सगळं रंगीत तालमीत व्हायला हवं. खऱ्या दिवशी, काउंटर बंद झाल्यावर, शेवटच्या डंपच्या आधी जुन्या सर्व्हरवर 'सुपर रीड ओन्ली' चालू करा. ५.७ मध्ये हे आहे आणि ते रूटलाही लिहू देत नाही. हे न करता डंप काढला तर कुठल्यातरी शाखेत कुणीतरी एक पावती टाकतंच, आणि ती फक्त जुन्याकडे राहते.

परत फिरायची वेळ आधी ठरवा: समजा पहाटे चारपर्यंत बेरजा जुळल्या नाहीत तर जुना सर्व्हर परत लिहिता करायचा. नव्यावर सकाळी एकदा व्यवहार सुरू झाले की मागे जाणं म्हणजे त्या नोंदी हाताने उचलणं. जुनं मशीन पुसायची घाई कुणी करत असेल तर त्यांना सांगा, एक महिनाअखेर आणि व्याजाची एक आकारणी नव्या सर्व्हरवर होऊ द्या. वर्षातून एकदाच चालणाऱ्या प्रोसीजर असतील, तर त्या त्याआधी कॉपीवर चालवून बघा.